बहात्तर सेकंद

यंत्रांविषयी आम्ही लिहावे, असा आमचा अधिकार नाही. आमचे विषय मराठी आणि इतिहास. शाळेतील पंखा बंद पडला तर दुरुस्तीसाठी आम्हांला कोणी हाक मारीत नाही. तथापि गेल्या पावसाळ्यात एका खेळयंत्राचे पोट उघडून त्यातील जुनी हार्ड डिस्क काढण्याचा व तिच्या जागी वेगवान एसएसडी बसविण्याचा प्रसंग आमच्यावर आला. वार्षिकासाठी लेख मागावयास आलेल्या विद्यार्थ्यांच्या कानी ती हकिकत गेली, आणि 'सर, हेच लिहा' असा त्यांनी हट्ट धरला. त्या हट्टाचे हे फळ.

यंत्र आमच्या भावोजींचे. ते बोटीवर नोकरीला असतात; वर्षाचे आठ-नऊ महिने समुद्रावर जातात. ताई आणि भाचा फोंड्यास आमच्याकडेच राहतात. एका सुटीत भावोजींनी प्लेस्टेशन ४ आणले. २०१३ साली हे यंत्र बाजारात आले, त्या पहिल्या घडणीचा हा नग. त्यावर पितापुत्र 'स्पायडरमॅन' हा २०१८ सालचा खेळ खेळत. खेळाचे सारे नाट्य न्यूयॉर्क शहरात घडते, आणि ते शहर पडद्यावर अवतरेपर्यंत खेळणाऱ्याने हात जोडून बसायचे. परीक्षेच्या दालनात घड्याळ पाहण्याची सवय असल्यामुळे आम्ही एकदा हा काळ मोजला. बहात्तर सेकंद भरले!

एवढा वेळ का लागतो, हे आम्हांला भाच्याने शिकविले व पुढे आम्ही स्वतः वाचून काढले. या यंत्रातील हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५४०० म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या घेत असते आणि एक इवलासा दांडा तिच्यावर मागेपुढे सरकून हवी ती माहिती वेचतो. ग्रंथालयातील शिपाई डोळ्यांसमोर आणा. एका कपाटातून दहा पुस्तके काढावयाची तर तो झटकन काढील. पण दहा पुस्तके दहा कपाटांत असतील तर त्याचा सारा वेळ चालण्यातच जाईल. शहरातील घरे, झाडे, बाके, टपालपेट्या अशाच विखुरलेल्या असतात. म्हणून खेळ रचणाऱ्यांनी एक युक्ती केली. टपालपेटीसारख्या वस्तूंच्या शेकडो प्रती डिस्कवर ठिकठिकाणी पेरून ठेवल्या, की दांड्याला दूर जावे लागू नये. याच खेळात काही वस्तू चारशे वेळा नोंदलेल्या होत्या, असे प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सर्नी यांनी २०२० च्या मार्चमध्ये आपल्या व्याख्यानात सांगितले. शिपायाचे पाय वाचावेत म्हणून प्रत्येक बाकाशेजारी एक शब्दकोश ठेवण्यासारखाच हा प्रकार. त्यात जागा किती व्यर्थ गेली असेल!

तरीही या तबकडीला हिणवण्याचे धाडस आम्हांला होत नाही. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिळून ५० लाख अक्षरे साठवीत. आमच्या जुन्या डिस्कमध्ये त्याच्या लाखपट मावतात, आणि ती शर्टाच्या खिशात राहते.

एसएसडीत तबकडी नाही, दांडा नाही, फिरणारे काहीच नाही. माहिती विजेच्या रूपाने सूक्ष्म कप्प्यांत बसलेली असते व कोणताही कप्पा जवळजवळ सारख्याच वेळात उघडतो. येथे शिपायाला चालावेच लागत नाही.

आता या बहात्तर सेकंदांची दुसरी बाजू. आमचा भाचा अबोल आहे. जेवताना विचारावे तर 'हूं'. अभ्यासाचे विचारावे तर तेही नाही. पण पडदा काळा असताना, हातांना काम नसताना, तो पडद्याकडे पाहतच बोलू लागे. गणितात अकरा गुण पडल्याचे आम्हांला तेथेच कळले. वर्गातील एका मुलाशी त्याचे बोलणे बंद असल्याचेही तेथेच. खेळात दूरच्या पेठेत झटकन जायचे झाले की नायक भुयारी गाडीत मुकाट बसलेला दिसतो. ती वास्तविक वेळकाढूपणाचीच एक सुंदर सोय. त्या गाडीकडे पाहत तो एकदा म्हणाला की बाबांचा आवाज फोनवर निराळाच येतो. आणि अशाच एका संध्याकाळी त्याने सांगितले की या यंत्रात बाबांचा स्वतंत्र डाव आहे, ४६ टक्के पुरा झालेला. बाबा येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही.

एसएसडीची मागणी त्याचीच. मित्राकडे प्लेस्टेशन ५ आले होते व तेथे खेळ डोळ्याचे पाते लवण्याआधी उघडतो, असे त्याचे वर्णन. ते फारसे अतिशयोक्त नव्हते. २०१९ मध्ये त्या यंत्राच्या पूर्वरूपावर याच खेळातील पंधरा सेकंदांचा प्रवास ०.८ सेकंदात झालेला दाखविला होता. आम्ही पणजीस गेलो. दुकानदाराने प्रथम च्युइंगगमच्या पट्टीसारखी, अत्यंत वेगवान आणि तशीच महाग एसएसडी पुढे केली. ती नव्या यंत्राची. आमच्याला अडीच इंचीच लागते, हे भाच्याने त्याला सांगितले तेव्हा आम्हांला अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे.

डिस्क बदलणे अगदीच सोपे निघाले. वरचे चकचकीत झाकण सरकवायचे, एक मोठा स्क्रू काढायचा, ट्रे ओढायचा. ट्रेचे चार स्क्रू फिरवले की जुनी डिस्क हातात. मात्र नवी डिस्क कोरी पाटी असते. यंत्राची मूळ प्रणाली पेन ड्राइव्हवरून पुन्हा चढवावी लागते, आणि दोघांचे डाव आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावे लागतात. तेही आम्ही केले होते. परंतु भाच्याचा डाव परत आला आणि भावोजींचा येईना! त्यांच्या नावाने यंत्रात पुन्हा प्रवेश करावयास त्यांचा परवलीचा शब्द हवा होता, आणि तो ताईलाही ठाऊक नव्हता.

"मामा, बाबाचें खंय?" भाच्याने विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. संदेश पाठविला, तो पोचल्याची खूण उमटेना. बोट भर समुद्रात होती.

सहा दिवस गेले. स्वतःचा डाव तयार असूनही मुलाने यंत्र लावले नाही. पेन ड्राइव्ह देव्हाऱ्याजवळच्या फडताळात ठेवला होता. तो जागेवर आहे की नाही हे तो शाळेतून आला की पाही. आम्ही वरवर निश्चिंत होतो, पण रात्री दोनदा उठून फोन पाहिला.

सातव्या दिवशी सिंगापूरहून शब्द आला. भावोजींचा डाव उघडला, ४६ टक्के. एका उंच इमारतीच्या गच्चीवर, त्यांनी सोडला होता तेथेच नायक उभा होता. भाच्याने क्षणभर पाहिले आणि काहीही न दाबता तो डाव बंद केला.

मग त्याने स्वतःचा उघडला. सवयीने आम्ही खुर्ची ओढून बसलो, घड्याळही लावले. "मामा, आज शाळेत..." त्याने आरंभ केला. आणखी चार वाक्ये झाली नसतील, तोच शहर उजळले आणि तो गप्प झाला. एकतीस सेकंद.

राहिलेले जेवताना विचारावे म्हणून आम्ही ते लक्षात ठेवले. विचारलेही.

"विसरलों," तो म्हणाला.