शुभवर्तमानाची मराठी

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना ना. वा. टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तीच वार्ता ते अभंग-कीर्तनांतून सांगू लागले. माझ्या मते मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील हा निर्णायक क्षण. धर्मांतर पाश्चात्त्य झाले नाही, ते भाषेच्या घरातच राहिले.

कळमेश्वरच्या नाताळ मेळाव्यात प्रवचनकाराचा भाव खरा होता, परंतु वाक्ये अनुवादित. मंडळीबाहेरच्या बाया (बहुधा कापूस वेचून थेट आलेल्या) अवघडून बसल्या होत्या. मग मंडळीतील एका वृद्धेने टाळ घेऊन टिळकांचे पद धरले. शेजारणीने आपसूक ठेका दिला. पद संपल्यावर तिने विचारले, “हे तुमच्यातलं भजन होय का वो?”

वृद्धेला उत्तर सुचेना.