रंगांची पारख

माझ्या पुतण्याला हिरवा आणि तपकिरी हे रंग निराळे ओळखता येत नाहीत. नगरच्या कापडबाजारातील आमच्या दुकानात ठाणावर रंगाची चिठ्ठी असली, की तो माल अचूक काढतो. त्याची ओढ मात्र रेल्वेकडे होती. दौंड-मनमाड मार्गावरील गाड्या पाहतच तो वाढला. पुढे लोको पायलटच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या वर्तुळांतील आकडे त्याला वाचता आले नाहीत आणि ते दार मिटले. सिग्नलच्या तांबड्या-हिरव्यावर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. तो नियम मला रास्तच वाटतो.

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटची गोष्ट निराळी. तेथे चित्रपट संकलनासाठी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला याच कारणास्तव प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एप्रिल २०२२ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. चित्रपट ही अनेकांनी मिळून घडवायची कला, ही दृष्टी त्यामागे होती.

हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला रंग स्वच्छ दिसतात. आमच्या वहिनींच्या वडिलांनाही तो होता, हे आम्हांला त्या तपासणीनंतर कळले. सोयरिकीच्या धास्तीने माहेरी कोणी बोलले नव्हते! इशिहारा चाचणीला नेत्रतज्ज्ञांकडे जेमतेम पाच-दहा मिनिटे लागतात.

पुतण्या आता सी.ए.चा अभ्यास करीत आहे. त्याच्या धाकट्या भावाची चाचणी आम्ही सातवीतच करून घेतली.