वक्त्याची पारख

प्रायश्चित्तकाळातील साधना आटोपून मंडळी चहाला जमली, की प्रवचनकाराविषयी दोन मते ऐकू येतात. एक मोठ्याने : "फादर फारच सुंदर बोलले." दुसरे, जरा हळू आवाजात : "सुंदर बोलले खरे, पण जे बोलले ते आपल्या श्रद्धेत बसते का?" पहिले मत घरी पोहोचेपर्यंत विरून जाते. दुसरे मनात राहते, आणि ते राहावे असेच आम्हांस वाटते. प्रश्न विचारणाऱ्याला लगेच संशयी म्हणणे योग्य नव्हे. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे शास्त्राशी रोज ताडून पाहिले आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचा गौरवच झाला आहे.

आमगाव हे मुंबई–हावडा लोहमार्गावरचे, धानाच्या मुलखातले गाव. येथे आम्ही कॅथॉलिक मोजकेच. वर्षातून एखादा बाहेरचा साधनाकार, हातोहात फिरून कोपरे झिजलेले एखादे पुस्तक, आणि अलीकडे मोबाईलवर ऐकलेले एखादे प्रवचन, यांवर आमचे बरेचसे पोषण होते. शहरातल्या भाविकाला शंका आली तर विचारायला चार धर्मगुरू जवळ असतात. आमच्याकडे शंका घरातच मुरते, आणि मुरलेली शंका बहुधा निवाडा होऊनच बाहेर पडते.

या संदर्भात आम्हांस नेहमी आठवतात ते फादर अँथनी डिमेलो. १९३१ साली मुंबईत जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेचा नामांकित मार्गदर्शक होता. त्यांची 'साधना' संस्था पुण्यात सुरू झाली व पुढे लोणावळ्यास गेली. देशोदेशीचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी तेथे प्रार्थना शिकण्यासाठी येत. 'साधना : अ वे टू गॉड' हे त्यांचे पहिले पुस्तक १९७८चे, 'द साँग ऑफ द बर्ड' हा गोष्टींचा संग्रह १९८२चा. जून १९८७मध्ये ते न्यूयॉर्क येथे अकस्मात निवर्तले. त्यानंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी सूचनापत्र काढले. त्यावर कार्डिनल रॅटझिंगर यांची सही होती. तेच २००५ साली पोप सोळावे बेनेडिक्ट झाले.

ते सूचनापत्र न वाचता त्याविषयी बोलणारे आम्हांस फार भेटले. कोणी म्हणतात, रोमने एका संतपुरुषाला मरणोत्तर छळले. कोणी म्हणतात, डिमेलोंचे नावही घरात नको. प्रत्यक्षात ते पत्र या दोघांहून पुष्कळ सावध आहे. आरंभीच्या पुस्तकांवर बौद्ध व ताओ विचारांची छाया असली तरी लेखक ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत राहिला, असे ते म्हणते. आक्षेप आहे तो पुढच्या लेखनात वाढत गेलेल्या अंतरावर : देव जणू व्यक्तित्वहीन असे एक विश्वव्यापी तत्त्व, येशू हा अनेक गुरूंपैकी एक, इतरांहून वेगळा तो केवळ 'जागा' असल्यामुळे. हे आक्षेप किरकोळ नाहीत. येशू देवाचा पुत्र नसून नुसता जागृत मनुष्य असेल, तर आम्ही वेदीसमोर गुडघे कोणापुढे टेकतो? इतके मात्र खरे, की 'अवेअरनेस'सारखे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९९० साली, भाषणांवरून सिद्ध झाले. 'आपल्या म्हणण्याचा अर्थ काय?' असे ज्याला विचारावे, तो माणूसच उरला नव्हता. दिल्लीच्या विद्याज्योतीत अनेक वर्षे शिकवलेले फादर झाक द्युप्वी यांच्या ग्रंथाची तपासणी झाली तेव्हा ते हयात होते. त्यांनी उत्तरे दिली, आणि २००१च्या सूचनापत्रात संदिग्धता दाखवताना ख्रिस्तसभेशी निष्ठावंत राहण्याच्या त्यांच्या इच्छेची नोंदही झाली.

आमचा स्वतःचा संबंध या प्रश्नाशी आला तो काही वर्षांपूर्वी. एका साधनेनंतर सह्यांचा कागद आमच्यापुढे आला. प्रवचनकार पाखंडी आहेत, त्यांना महाधर्मप्रांतात बोलण्यास बंदी करावी, असा मजकूर होता. पुरावे तीन. पहिला : त्यांनी आम्हांला जमिनीवर मांडी घालून बसवले आणि आरती ओवाळली. हा पुरावाच नव्हे. भारतातील उपासनेसाठी रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी ज्या बारा मुद्द्यांना संमती दिली, त्यांत जमिनीवर बसणे व आरती दोन्ही आहेत. एखाद्याला ती रुचणार नाही. रुची निराळी आणि श्रद्धा निराळी. दुसरा : "येशू हा जागृत गुरू" असे ते म्हणाले. तिसरा : ज्याचे अंतःकरण जागे झाले त्याला पापनिवेदनाची गरज नाही, असे त्यांनी सांगितले.

नेमके शब्द काय होते, असे आम्ही विचारले तेव्हा तिघांनी तीन वाक्ये सांगितली. म्हणून आम्ही दोघे-तिघे वडीलधारे त्यांची गाडी सुटण्यापूर्वी त्यांच्याकडे गेलो. संत इग्नेशियसने आपल्या साधनाग्रंथाच्या प्रारंभीच हा क्रम घालून दिला आहे : दुसऱ्याच्या विधानाचा होईल तितका चांगला अर्थ घ्यावा, तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे, चूक असेल तर प्रेमाने सुधारावे. ख्रिस्तसभेच्या श्रद्धाग्रंथातही उतावीळ निवाड्याच्या संदर्भात हेच वचन घेतले आहे. १५२७ साली अल्कला येथे बेचाळीस दिवस व पुढे सालामांका येथे बावीस दिवस चौकशीखातर कोंडून पडलेल्या माणसाने हे लिहावे, यात नवल नाही.

"फादर, येशू हा जागृत गुरू म्हणजे एवढाच का?" आम्ही विचारले. ते दचकले. "छे, तो देवाचा एकुलता पुत्र. मी तुम्हांला ते ठाऊकच आहे असे धरून चाललो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मिस्साच्या शेवटी त्यांनी तसा खुलासा केला. पापनिवेदनाविषयी मात्र ते मागे हटले नाहीत. "हा माझा अनुभव आहे," एवढेच त्यांचे उत्तर. अनुभवाला आम्ही काय उत्तर देणार? पण संस्कार हा कोणा एकाच्या अनुभवाचा विषय नव्हे, असे आम्ही त्यांना सांगितले.

सह्यांच्या कागदावर आम्ही सही केली नाही. त्याऐवजी आमच्या धर्मगुरूंना चार ओळींचे पत्र दिले : त्यांचे वाक्य जसेच्या तसे, आम्ही काय विचारले, ते काय म्हणाले, आणि खाली आमची नावे. विशेषण एकही नाही. आपले मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क, प्रसंगी कर्तव्य, ख्रिस्तसभेच्या कायद्याचे २१२वे कलम आम्हां प्रापंचिकांना देते. त्याच कायद्याचे २२०वे कलम कोणाच्याही सत्कीर्तीला अन्यायाने धक्का लावण्यास मनाई करते. पुढे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. काहींना हे फारच मिळमिळीत वाटले.

आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे गाव मानतात. नावे ठेवणाऱ्यांना त्याने नाटकाच्या प्रस्तावनेतच सुनावले, आणि आपल्याला समजून घेणारा श्रोता पुढे केव्हातरी जन्मेल अशी आशा धरली. कवीला हे शोभते. ख्रिस्तसभेच्या नावाने बोलणाऱ्याला मात्र समोर बसलेल्या श्रोत्यालाच उत्तर द्यावे लागते. अपुल्लोस मोठा वक्ता होता, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला जवळ घेतले व मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्याने ऐकून घेतले, हे आम्हांस त्याच्या वक्तृत्वापेक्षा मोठे वाटते.

डिमेलोंची पुस्तके आमच्या कपाटात अजून आहेत. आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशनाच्या नंतरच्या प्रतींत एक सूचना छापलेली असते : ही पुस्तके निरनिराळ्या धर्मांच्या व धर्म न मानणाऱ्या वाचकांनाही साहाय्य व्हावे म्हणून लिहिली गेली, कॅथॉलिकांना धर्मसिद्धांत शिकवण्यासाठी नव्हेत. आमची प्रत जुनी, तीत ती सूचना नाही. आम्ही ती कागदावर लिहून पहिल्या पानाला चिकटवली आहे. 'साधना' आम्ही मागेल त्याला देतो. बाकीची देताना, वाचून झाल्यावर परत आणायला स्वतः या आणि थोडा वेळ बसा, असे सांगतो.