जोडीने मुंबई

आमच्या जुन्नर-आंबेगावाकडच्या जुन्या माणसांना लग्नाची तिथी सांगता येते, तारीख सांगता येत नाही. आमचे लग्न १९७५ सालच्या अक्षय्य तृतीयेचे. २०२५ ला पन्नास वर्षे भरली. मुलांनी विचारले, कुठे जायचे? मला वाटले, सौभाग्यवती पंढरी म्हणेल, फार तर काशी. ती म्हणाली, "मुंबईला. आबा राहायचे ती चाळ बघायचीय."

भजनी मंडळातल्या एका गृहस्थांना हे रुचले नाही. "महाराज, माळकऱ्याने कसले वाढदिवस करायचे? तेवढ्या पैशात एक पंगत उठली असती." त्यांची शंका रास्त आहे. मेणबत्ती फुंकून विझवणे मलाही पटत नाही. आपल्याकडे शुभदिवशी दिवा लावतात. पण नवरा-बायकोचा जोडीने प्रवास म्हणजे नुसता प्रपंचाचा पसारा, हे मात्र मी मान्य करणार नाही.

आपल्या संप्रदायाचे मूळच बघा ना. माउलींचे वडील विठ्ठलपंत रुक्मिणीबाईंना आळंदीस ठेवून काशीला गेले आणि संन्यासी झाले. पुढे त्यांचेच गुरू आळंदीत आले. अश्वत्थाला प्रदक्षिणा घालणाऱ्या त्या माउलीला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग सारा उलगडा झाला. गुरूंनी काशीला परतून शिष्याला आज्ञा केली, घरी जा, संसार कर. पुढे त्या कुटुंबाने काय सोसले ते आपण सारे जाणतो. पण निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार रत्ने त्या परत आलेल्या पावलांमुळे लाभली. आणि पंढरीत रखुमाईचे देऊळ वेगळे असले, तरी कथा अशीच सांगतात की रुसून दिंडीरवनात आलेल्या रुक्मिणीला शोधत देव द्वारकेहून निघाला. पुंडलिकाची वीट त्याच वाटेवर भेटली.

आमच्या भागातल्या पुरुषांची काशी म्हणजे मुंबई. पश्चिमेकडची जमीन डोंगराची, शेती पावसावरची. म्हणून घरातला एकजण गिरणीत, कुणी गोदीत, कुणी भाजीबाजारात, कुणी डब्यांच्या धंद्यात. संन्यास कुणी घेतला नाही, पण बायको गावी आणि नवरा मुंबईला, असे अख्खे जन्म गेले. माझे सासरे लालबागजवळच्या एका गिरणीत साचेवाले होते. गावी येत ते जत्रेला, दिवाळीला आणि कुणाच्या मयतीला. सासूबाईंनी मुंबई पाहिली ती मनीऑर्डरच्या कागदावर. खाली चार ओळी लिहायची जागा असे, ती पोस्टमन वाचून दाखवी. १९८२ चा संप झाला, गिरण्या थंडावल्या, तेव्हा सासरे वळकटी घेऊन कायमचे घरी आले. मग पाचच वर्षांनी गेले. "आईबापाचा सगळा मिळून संसार दहा वर्षांचा तरी झाला असेल का?" असे ही मला एकदा गोठ्यात धार काढताना विचारत होती.

आम्ही आळेफाट्यावरून एसटी धरली. आळ्याला रेड्याच्या समाधीला आधी हात जोडले. ज्याच्या मुखी माउलींनी वेद बोलवले त्याला न विचारता या वाटेने कसे जायचे? वैशाखातला माळशेज कोरडा, कडे उघडेबोडके. कल्याणला भाच्याकडे मुक्काम केला.

पहिल्या दिवशी चर्चगेटला गेलो. साडेअकराचा सुमार. स्टेशनाबाहेर पांढऱ्या टोप्या आणि डब्यांची लाकडी खोकी. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा उद्योग आजही बहुतांशी आपल्या मावळपट्टीतल्या माणसांच्या खांद्यावर आहे. एकाच्या गळ्यात माळ दिसली. "माउली, कुठले?" "घोडेगावजवळचा." लगेच पायांवर डोके. डब्याच्या झाकणावरच्या रंगीत खुणा त्याने हिला समजावल्या: कुठल्या स्टेशनात उतरायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. हिने विचारले, "आणि बाबा, तुझा डबा कोण भरतं?" तो हसला. "मावशी, बायको गावी. मी खोलीवर भाकरी थापतो." घाई होती, खोके डोक्यावर घेऊन तो पळाला. ही रस्ता ओलांडेपर्यंत मागे वळून बघत होती.

समुद्रही पाहिला, पण त्यात हिचा जीव रमला नाही. पाय बुडवले आणि म्हणाली, "चंद्रभागेसारखं नाही, तोंड धुता येत नाही."

दुसऱ्या दिवशी करी रोडला उतरलो. गिरणीच्या जागी काचेची उंच इमारत आहे, मान मोडेल एवढी. चाळ मात्र उभी होती. दुसऱ्या मजल्यावरची खोली जेमतेम दहा बाय बारा. तिथल्या आजोबांनी नाव-गाव विचारून आत बोलावले. गिरण्या चालू होत्या तेव्हा या खोलीत बारा-पंधरा बाप्ये असत. पाळीवर झोपायचे, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची. जेवण खानावळीत. एकादशीला रात्रभर गॅलरीत भजन. भिंतीवर मंडळाचा जुना फोटो होता, मृदंगासह वीसेक माणसे. हिने बोट फिरवत फिरवत सगळे चेहरे पाहिले. आबा त्यात होते की नाही, ते ओळखू आले नाही; सगळ्यांच्या टोप्या सारख्या, मिशा सारख्या.

मग ही काही न बोलता खोलीभर नजर फिरवत राहिली. मला वाटले, रडेल. मी विचारले, "काय बघतेस गं?"

"अहो, आई आली असती तर चूल कुठे मांडली असती, ते बघते."

आजींनी खिडकीखालचा कोपरा दाखवला. "मी तिथंच मांडली होती. नळ बाहेर, पाणी पहाटे चारला." दोघी त्या कोपऱ्यापाशी बसल्या. पाणी किती भरावे लागे, धूर कुठून जाई, सरपण कुठे ठेवायचे, सगळे विचारून झाले. दिवेलागण झाली तशी मी गॅलरीत आलो आणि हरिपाठ धरला. शेजारच्या दोन खोल्यांतून टाळ आले.