धरण शेजारी, तरी टँकर दारी

उजनीचा फुगवटा जेऊरपासून फार लांब नाही. एवढं मोठं धरण उशाला असताना तुमच्याकडं टँकर कसा काय येतो, असं आमचे पुण्याचे पाहुणे विचारतात. लग्न होऊन जेऊरजवळच्या या गावात आले तेव्हा मलाही हेच कोडं पडलं होतं. ते उलगडलं गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत बसायला लागल्यावर. जलजीवन मिशनच्या नियमानं या समितीत निम्म्या महिला लागतात. बचत गटाचा हिशेब माझ्याकडं होता, म्हणून ग्रामसभेत माझं नाव निघालं.

सुरुवातीच्या बैठकांत सगळा जोर नव्या नळयोजनेच्या टाकीच्या जागेवर होता. ज्याला त्याला टाकी आपल्या आळीत हवी. अभियंता साहेबांनी आराखडा समजावून सांगितला. माणशी रोज 55 लिटर पाणी धरायचं आणि 30 वर्षांनी गाव किती वाढेल त्यावर पाइपचा व्यास ठरवायचा. तेवढ्यात मागं बसलेल्या आबांनी विचारलं, "साहेब, हे पाणी मे महिन्यात कुठं असतंय ते बघितलंय का?"

आबांचा प्रश्न अनुभवातून आला होता. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी. त्यातला 53 टीएमसीहून थोडा अधिक साठा उपयुक्त, बाकीचा 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलंही पाणी कमी झालं. तेव्हासुद्धा 30 टीएमसीच्या वर पाणी शिल्लक होतं. धरण आटून कोरडं पडलं नव्हतं, पण काठ हटत हटत लांब गेला होता. धरणात बुडालेला कुगावचा इनामदार वाडा पाण्याबाहेर आला की बघायला गर्दी होते, आणि त्याच दिवसांत फुगवट्यावरचे शेतकरी मोटारी पुढं सरकवतात, पाइपाला पाइप जोडतात, चाऱ्या खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात. शेतकऱ्याची मोटार अशी सरकवता येते. योजनेचं पाणी उपसणारी काँक्रीटची जॅकवेल जिथं बांधली तिथंच राहते. म्हणून तिची पातळी भरल्या धरणावर ठरवून भागत नाही, वाईटातल्या वाईट उन्हाळ्यावर ठरवावी लागते. पाइपलाइन त्यानं लांबते, खर्च वाढतो, पण तो वाचवला तर नेमक्या गरजेच्या महिन्यात नळ कोरडा पडतो.

दुसरा प्रश्न वस्त्यांचा. आमच्या भागात अर्धं गाव शेतात राहतं. गावठाणातल्या घराला नळ देणं सोपं आणि स्वस्त. पण चढावरच्या वस्तीपर्यंत दाब पोचवायचा तर वेगळी लाइन, कधी वेगळी टाकी. शिवाय 55 लिटरच्या हिशेबात जनावर कुठंच नाही. दुभती म्हैस उन्हाळ्यात एकटी तेवढं पाणी सहज पिते. दारात दोन म्हशी असलेली बाई नळाचं पाणी आधी कुणाला देणार, हे कागद करणाऱ्याला ठाऊक नसलं तरी आम्हाला ठाऊक आहे. मी हे बैठकीत बोलले, तेव्हा बाकीच्या बायकाही बोलायला लागल्या.

मग पैशाचा विषय निघाला. जलजीवन मिशनमध्ये आपल्या राज्यात केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा असतो. गावातल्या कामाच्या खर्चात दहा टक्के लोकवर्गणी, रोख किंवा श्रमदानानं. बांधायला पैसा मिळतो, हे बघून सगळे खूश होते. मला मात्र बचत गटाची सवय. कर्ज देताना हप्ता कुठून येणार हे आम्ही आधी विचारतो. म्हणून मी विचारलं, मोटारीचं लाइट बिल कोण भरणार?

साहेबांनी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. दोन हजार लोकवस्तीला रोज एक लाख दहा हजार लिटर पाणी. ते शंभर मीटर उंच चढवायला, पंपातली आणि पाइपातली घट धरून, रोज साधारण 50 युनिट वीज. महिन्याला 1,500 युनिट. युनिटला सहा रुपये धरले तर 9,000 रुपये. चारशे घरांत वाटले तर घरटी साडेबावीस रुपये. त्यात पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, टीसीएल पावडर, मोटार जळाली तर दुरुस्ती धरली, तरी आकडा कुणाला न परवडण्याजोगा होत नव्हता. पिण्याच्या जारला याहून जास्त पैसे आम्ही खुशीनं मोजतो.

प्रादेशिक योजनांचं दुखणं या दरमहाच्या खर्चाच्या वसुलीतच आहे. एका लाइनवर अनेक गावं असतात. वरच्या गावानं जास्त पाणी ओढलं की शेवटचं गाव तहानलेलं. शेवटच्या गावाला पाणी नाही म्हणून ते पट्टी भरत नाही. थकबाकी साचली की वीज तोडली जाते, आणि मग पट्टी भरणारं गावही टँकरची वाट बघत बसतं. टंचाईत टँकरचं पाणी माणशी 20 लिटरच्या हिशेबानं मिळतं. 2013 च्या दुष्काळात त्या पाण्यासाठी मी लेकरांना शाळेतून घरी ठेवलं होतं, एक हंडा जास्त मिळावा म्हणून. ते मला कधीच बरं वाटलं नाही.

आम्ही ठराव केले. पाणीपट्टीचं खातं ग्रामपंचायतीच्या इतर खर्चापासून वेगळं. वसुली बचत गटांकडं, कारण दर महिन्याला प्रत्येक दारात आमची बाई जातेच. जमा-खर्च दर ग्रामसभेत वाचायचा. आणि पाणी सोडण्याची पाळी ठरवताना पहिलं नाव शेवटच्या वस्तीचं. यावर वाद झाले. गावठाणातल्या काही भावकीला हे रुचलं नाही. पण आबा उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटाला पाणी पोचलं तर मधल्यांना मिळणारच आहे."

माझं म्हणणं एवढंच आहे. योजना मंजूर करताना बांधकामाच्या अंदाजपत्रकासोबत दरमहाच्या खर्चाचं अंदाजपत्रकही ग्रामसभेपुढं यावं, उणे साठ टक्क्यांना पाणी कुठं असतं त्याचा नकाशा यावा, आणि शेवटच्या नळाचा दाब मोजल्याशिवाय काम पुरं झाल्याच्या कागदावर समितीनं सही करू नये. आम्ही केलेली नाही. त्या नळाला पाणी आलं की त्याच दिवशी करू.