आर्ट्स घेऊन काय करणार?

दहावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत पालकांची रीघ लागते. ज्यांचे गुण कमी ते मुकाट्याने आर्ट्सचा फॉर्म भरतात. ज्यांचे गुण चांगले त्यांच्या घरात आर्ट्सचे नाव निघाले, की आई हमखास म्हणते, "इत्ते अच्छे मार्कां पडे, फिर आर्ट्स कायकू?" मी या आयांना हसत नाही. दवाखान्यात आपला एक डॉक्टर असावा, कचेरीत आपला एक साहेब असावा, ही इच्छा वर्षानुवर्षांच्या ओढाताणीतून आलेली आहे. परंतु इतिहास, भाषा, साहित्य, दीनी उलूम या विद्या म्हणजे गुण न पडलेल्यांची सोय, असा जो समज आपल्या समाजात पक्का झाला आहे, तो मला धोक्याचा वाटतो. समाजावर संकट येते तेव्हा डॉक्टर तर लागतोच. पण त्याच घटकेला आणखी एका जाणत्या माणसाची गरज पडते, आणि तो आपल्यात शोधूनही सापडत नाही. हे मी 2020 साली इस्लामपुरात पाहिले.

त्या वर्षी 23 मार्चला सौदी अरेबियाहून यात्रा करून परतलेल्या आमच्या शहरातील एकाच कुटुंबातील चार जणांना कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. महिना संपेपर्यंत त्यांचे नातलग व संपर्कातले लोक मिळून आकडा पंचवीसच्या घरात गेला. राज्यात तेव्हा रुग्णच मोजके होते, त्यामुळे इस्लामपूरचे नाव देशभर झाले. गल्ल्या सील झाल्या. रुग्णांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांतले बहुतेक बरे होऊन घरी आले. डॉक्टर, परिचारिका, आशाताई, नगरपालिकेचे कामगार, सर्वांनी आपले काम चोख केले. पुढे 'इस्लामपूर पॅटर्न'ची तारीफही छापून आली.

आजार असा काही आठवड्यांत आटोक्यात आला. शब्दांचा आजार मात्र पसरतच राहिला. पहिल्याच बातम्यांत 'हजहून परतलेले' असे छापून आले. हज त्या वर्षी जुलैच्या अखेरीस होता! मार्चमध्ये हज होत नाही, एवढे सांगणारे एक पत्र मराठीत लिहून वर्तमानपत्राकडे धाडावे, असे कोणालाही सुचले नाही. मार्च संपता संपता दिल्लीच्या मर्कजची बातमी आली आणि साथीला जणू मजहबच चिकटला. शहराच्या नावातच 'इस्लाम', त्यामुळे बाहेरगावी राहणाऱ्या आमच्या माणसांना गावाचे नाव सांगणे जड झाले. सातवीतल्या एका मुलीने फोनवर मला विचारले, "टीचर, कोई पूछा तो गाव का नाम सांगली बोलूँ क्या?" बारा वर्षांच्या पोरीला आपल्या गावाचे नाव लपवावेसे वाटणे, ही साथ कोणत्या लसीने जाणार होती?

पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याची शक्यता नोंदवली. परंतु जे विष पाच महिने घराघरांत गेले होते, ते एका निकालपत्राने उतरत नाही. अशा वेळी प्रत्येक शब्द तपासून पाहणारा, खोट्याचे उत्तर रागाने न देता पुराव्याने देणारा आणि तेही शेजाऱ्याच्या भाषेत देणारा माणूस लागतो. तो सायन्सच्या प्रयोगशाळेत घडत नाही.

आपल्या आतल्या बाजूनेही तेच. त्या वर्षी रमजान लॉकडाऊनमध्येच आला; 25 एप्रिलला पहिला रोजा. मशिदी बंद, तरावीह घरात. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग रोज म्हणायचे, "मौत लिखी होगी तो घर में भी आएगी, फिर मस्जिद कायकू बंद?" पोलिसाच्या काठीने ते घरात बसले, पण त्यांची शंका गेली नव्हती. ती गेली इतिहासाने. हिजरी 18, म्हणजे इसवी सन 639 च्या सुमारास शाम देशात अमवासची प्लेगची साथ आली होती. हजरत उमर तिकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी साथीची खबर मिळताच त्यांनी सहाबांशी मसलत केली आणि परत फिरण्याचे ठरवले. हजरत अबू उबैदा यांनी, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय, असा सवाल केला. उमर यांचे म्हणणे होते, की पुढे जाणे ही जशी तकदीर, तशी परत फिरणे हीही तकदीरच. मग अब्दुर्रहमान बिन औफ यांनी रसूलल्लाह (स.) यांची हदीस सांगितली: साथ असलेल्या मुलुखात जाऊ नये, आणि आपण तिथे असू तर पळून बाहेर येऊ नये. अबू उबैदा शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत वारले. त्यानंतर अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगरांत पांगवले, असे इतिहासकार सांगतात. हे सारे मी त्या बुजुर्गांना फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ये पहले क्यूँ नहीं बताया किसी ने?" दुसऱ्या दिवसापासून ते मोहल्ल्यातल्या इतरांना फोन करून हाच किस्सा सांगू लागले. सरकारी सूचना त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. तिचा अर्थ इतिहासातून पोहोचला.

असेच बळ शोकाच्या वेळीही मिळते. हदीसचे थोर विद्वान इब्न हजर अस्कलानी यांनी पंधराव्या शतकात प्लेगवर एक सविस्तर किताब लिहिली. त्यांच्या तीन मुली प्लेगने नेल्या होत्या. ज्या बापाची लेक गेली आहे त्याने लिहिलेले वाचताना, आपल्यावरच हा पहाड कोसळला आहे असे वाटत नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ज्या घरांत मय्यतीला खांदा द्यायलाही माणसे जमू शकली नाहीत, त्या घरांना अशा सोबतीची किती गरज होती!

आपल्या मराठी मुलुखाचा इतिहासही हेच शिकवतो. कोरोनाच्या वेळी सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो 1897 चा. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी झालेला. पुण्यात तेव्हा गोरे सैनिक घराघरांत घुसून रोगी शोधत. लोकांनी धास्तीने रोगी लपवले, संताप वाढत गेला आणि 22 जून 1897 रोजी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. साताऱ्याच्या नायगावची ही लेक आयुष्यभर शिक्षिका आणि कवयित्री होती. रोग्याला गुन्हेगार समजायचे की आपले लेकरू, हे ठरवणारी नजर कायद्याच्या कलमात मिळत नाही.

याच सावित्रीबाईंच्या 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. जानेवारी 2025 मध्ये, फातिमा शेख नावाची बाई कधी नव्हतीच, असा दावा समाजमाध्यमांवर गाजला. आपल्यातले कितीतरी लोक नुसते संतापले. ज्यांना ते पत्र माहीत होते, त्यांनी शांतपणे ते पुढे ठेवले. संतापणारे आणि पत्र पुढे ठेवणारे यांच्यात जो फरक आहे, तोच आर्ट्सच्या शिक्षणाचा उपयोग आहे.

आमचा वाळवा तालुका तर शाहिरांचा. वाटेगाव इथलेच. तिथे 1 ऑगस्ट 1920 रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. बंगालच्या 1943 च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. वर्तमानपत्रातला तो आकडा वाचून मुंबईच्या गिरणगावातल्या कामगाराला काय कळणार? अण्णा भाऊंनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला आणि ती भूक त्याच्या चाळीत आणून उभी केली. फाळणीच्या दंग्यांवरही त्यांनी पोवाडा लिहिला. त्यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात डफ घेऊन उभे होते बार्शीचे अमर शेख, म्हणजे आपले महबूब हुसेन पटेल. शेख आडनावाचा माणूस मराठीतून गातो आणि हजारो कामगारांना तो आपला वाटतो, हे कोणत्याही ऐक्य परिषदेपेक्षा मोठे काम होते. आपली मुले उर्दू शिकतात, जरूर शिकावी. ती आपली तहजीब आहे. पण संकटात शेजाऱ्याच्या दारावर थाप मारायची ती मराठीतच. ती मराठी नुसती पास होण्यापुरती असून भागणार नाही.

अर्थात इतिहास हे नेहमी औषधच असते असे नाही. अर्धवट इतिहास पेट घेतो. सप्टेंबर 2009 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवर अफजलखान वधाचे चित्र लागले, त्यावरून दंगल झाली आणि तिची झळ सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेली. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. ज्या प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 ची ती भेट झाली, तोही सातारा जिल्ह्यातच आहे. त्या दिवशी शिवाजी महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होते आणि खानाचे वकील होते कृष्णाजी भास्कर. एवढ्या दोन नावांनी ती लढाई दोन धर्मांची राहत नाही, दोन राज्यांची होते. ही दोन नावे मोर्चातल्या मुलालाही ठाऊक नसतात आणि त्याला घाबरून घरात बसलेल्या आमच्या मुलालाही. दोघांचाही इतिहास मोबाईलवरच्या मजकुरातून आलेला असतो.

2025 साली सरकारी निर्णयाने आमच्या शहराचे नाव ईश्वरपूर झाले. कोणी पेढे वाटले, कोणी दार लावून घेतले. वर्गात एका मुलाने विचारले, "टीचर, अब हमारे दादा कहाँ पैदा हुए थे?" प्रश्न पोरवयातला, पण खरा होता. मी नववीच्या मुला-मुलींना एक काम दिले. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसायचे, त्याने पाहिलेले गाव विचारायचे आणि ते उर्दूत एकदा, मराठीत एकदा लिहून आणायचे. वह्यांमध्ये जुने उरुण आले, संभूआप्पा आणि बुवाफन या दोन नावांनी भरणारा एकच उरूस आला, 1972 च्या दुष्काळातली सुकडी आली, हिंदू शेजारणीने पाजलेले दूध आले. पाटी बदलली, दाखल्यावरचे नाव बदलले. वह्यांमधले गाव मात्र दोन भाषांत लिहिले गेले. उद्या कोणी विचारले तर ही मुले घाबरून दुसऱ्या गावाचे नाव सांगणार नाहीत, असा मला भरवसा वाटतो.

म्हणून माझी जमातीच्या जबाबदार मंडळींना विनंती आहे. हुशार मुलांना मेडिकलसाठी मदत करताच, ती जरूर करा. त्यासोबत दरवर्षी एका तरी मुलाला किंवा मुलीला इतिहास, मराठी, उर्दू किंवा कायदा शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्या, आणि ती गुण कमी पडलेल्याला नको, वर्गातल्या सर्वांत हुशाराला द्या. नोकरी लवकर लागेल, असे वचन मी त्याच्या आईला देऊ शकत नाही. पण पुढचे संकट येईल तेव्हा सगळा मोहल्ला त्याच्याच दारात उभा असेल, एवढे मी तिला नक्की सांगू शकते.