गावठाण आणि मळा

सुट्टी घालविण्यासाठी परदेशात एखादे घर असावे, अशी हौस असणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. कुणाला स्पेनचा समुद्रकिनारा हवा असतो, कुणाला आल्प्सच्या कुशीतले लाकडी घर. माझ्या धाकट्या भावाला तशी हौस झाली, तेव्हा मला त्यात नवल वाटले नाही. नवल एवढेच, की त्याने निवडलेला परदेश म्हणजे बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे आमचे जन्मगाव होते!

परदेश हा शब्द मी थट्टेने वापरीत नाही. भाऊ १९८८ साली अमेरिकेस गेला आणि पुढे पंधरा वर्षांनी त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे हात उंचावून त्याने तिकडची शपथ घेतली त्याच दिवशी इकडचे नागरिकत्व संपले. नंतर २००५ साली आपल्या सरकारने अशा मंडळींकरिता परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची योजना काढली, तिची पुस्तिका त्याने मोठ्या हौसेने मिळविली. नावात नागरिकत्व असले तरी त्या पुस्तिकेवर मत देता येत नाही. आणि बाजरीचे शेतही विकत घेता येत नाही, ही गोष्ट आम्हां दोघांना फार उशिरा कळली.

आमचे गाव मोरगावच्या बाजूचे, तालुक्याच्या जिरायती अंगाला वसलेले. बारामती म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे उसाचे हिरवे फड उभे राहतात. ते वैभव नीरेच्या डाव्या कालव्याचे. आमच्याकडे पावसाने पाठ फिरविली की माणसानेही गावाकडे पाठ फिरवावी, असा रिवाज. मल्लिकार्जुनाचे जुने मंदिर, त्याच्यापुढची दगडी पुष्करणी आणि तिथली यज्ञवराहाची मूर्ती पाहिली, की या भूमीने कधीकाळी चांगले दिवस पाहिले असावेत, असे मात्र वाटते.

या गावात आमचा एक मळा होता. मळा म्हणजे काय, चार एकर जमीन, एक विहीर आणि बांधावर दोन आंबे. १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ दाखविला. त्या वर्षी अर्धा गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर जात होता आणि कामावर सुकडी वाटली जात होती. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी मळा शेजारच्या शेतकऱ्याला विकला आणि आम्हांला घेऊन पुणे गाठले. माळावरचा दीड एकराचा तुकडा तेवढा राहिला, तोही कुणी घेईना म्हणून. वडिलांच्या पश्चात त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर आम्हां दोघा भावांची नावे लागली. मळा गेला तेव्हा भाऊ आठ वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्याच्या आधीच्या वर्षी तो त्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकला होता.

माणूस सातासमुद्रापलीकडे गेला तरी पाठीचा भोपळा सुटत नाही, असे दिसते. गेल्या काही वर्षांत फोनवर बोलताना तो मळ्याचा विषय काढी. "दादा, तो मळा परत घेऊ. मध्यावर लहानसे घर बांधू. दर हिवाळ्यात येऊन दोन महिने राहीन." मळ्याचा सध्याचा मालक, ज्यांनी आमच्याकडून जमीन घेतली त्यांचा नातू, भावाने कळविलेली किंमत ऐकून विचार करू लागला होता. आता केवळ दस्त करावयाचा राहिला, अशा समजुतीने मी बारामतीला एका वकिलांकडे गेलो.

वकिलांनी चहा पाजला आणि मग कायदा सांगितला. परकीय चलनाच्या १९९९ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे, मूळचा भारतीय पण आता परदेशचा नागरिक झालेला मनुष्य येथे राहते घर घेऊ शकतो, दुकान घेऊ शकतो. रिझर्व्ह बँकेची निराळी परवानगी लागत नाही. पैसा मात्र बँकेच्या वाटेने आला पाहिजे. खिशातून डॉलरच्या नोटा काढून चालत नाही. पण शेतजमीन, मळेबागा आणि फार्महाऊस या तीन गोष्टी त्याला विकत घेता येत नाहीत.

"पण त्याचे नाव सातबाऱ्यावर आहे!" मी म्हणालो. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, हे १९४८ च्या कूळकायद्यातले कलम मला ठाऊक होते आणि सातबाऱ्यावरचे नाव हेच त्यावरचे उत्तर, अशी माझी भोळी समजूत होती.

"ते वारसाने आलेले. वारसाने आलेले ठेवता येते. नवीन विकत घेता येत नाही," वकील शांतपणे म्हणाले.

माळावरच्या तुकड्यात भाऊ शेतकरी आणि बांध ओलांडून मळ्यात पाऊल ठेवले की परका! कायद्याची ही दोन हातांवरची सरहद्द पाहून मी थक्क झालो.

बाहेर पडलो तोच एक गृहस्थ भेटले. जमिनीचे व्यवहार जुळवून देणे हा त्यांचा उद्योग. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, "एवढंच ना? पैसा धाकट्याचा, नाव थोरल्याचं. भाऊ भावाला फसवतो होय?"

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. ती सूचना मला वाईट वाटली नाही. पुण्याला परत येताना एस. टी. च्या खिडकीशी बसून मी मळ्याच्या बांधावर आणखी सहा आंबे लावले, विहिरीवर नवे इंजिन बसविले आणि सातबाऱ्यावर केवळ माझे नाव कसे दिसेल, तेही वाचून पाहिले. भावाला फसविण्याची बुद्धी माझ्या मनात नव्हती, हे खरे. पण ज्या मळ्याची आठवण त्याने जन्मभर जपली, त्याचा मालक आपण होणार, या कल्पनेने मला गुदगुल्या झाल्या, हेही तितकेच खरे. दोन दिवसांनी वकिलांना फोन केला. असा व्यवहार उघडकीस आल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि बेनामी व्यवहाराचा प्रश्न निराळाच, असे त्यांनी सांगितले. मी नीतीमुळे मागे फिरलो की दंडामुळे, याचा निकाल मी अद्याप लावलेला नाही.

वकिलांनी आणखी एक माहिती दिली. मी स्वतःच्या पैशाने मळा घेतला, तरी माझ्या हयातीत तो भावाला विकता येणार नाही, बक्षीसही देता येणार नाही. माझ्या पश्चात वारसाहक्काने मात्र तो त्याच्याकडे जाऊ शकेल.

ही गोष्ट मी भावाला विनोद म्हणून सांगितली. "म्हणजे तुला मळा हवा असेल, तर आधी मला मेले पाहिजे!"

तो हसला. मग पलीकडून काही वेळ आवाजच येईना. "मग नको मला मळा, दादा," तो म्हणाला, आणि लगेच संतापून, "ज्याने लोणी कधी डोळ्यांनी पाहिले नाही, असा कोणीही सातबारावाला तो मळा घेऊ शकतो. मी त्या विहिरीत पोहायला शिकलो, तर मी परका?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. पुढे विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की असे कायदे करणारे आपणच एकटे नाही. स्वित्झर्लंडने १९८३ च्या कायद्याने परक्यांच्या सुट्टीतल्या घरांवर मर्यादा घातली. डेन्मार्कने १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात आपला दुसऱ्या घरांविषयीचा कायदा शाबूत राहील, अशी तजवीज करून घेतली. मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत परक्याला जमिनीची थेट मालकी मिळत नाही, बँकेच्या विश्वस्तपणाचा आडोसा घ्यावा लागतो. एकूण काय, पाहुण्याला ओसरीवर बसविण्यास सगळेच तयार असतात. माजघर देताना प्रत्येक जण विचार करतो.

आणि तो विचार अगदीच अनाठायी आहे काय? लोणावळ्याला जाऊन पाहावे. अकरा महिने बंद असलेले बंगले, फाटकाशी पेंगणारा माळी. बंगल्याचे तसे झाले तर फार बिघडत नाही. शेताचे तसे झाले तर ते पडीक होते. कायद्याला माणसाच्या आठवणी मोजता येत नाहीत. पाऊस पडला नाही त्या वर्षी येथे कोण होते, एवढेच बहुधा त्याला विचारावयाचे असते. त्या वर्षी आम्ही पुण्यास गेलो होतो. नागरिक असूनही मीसुद्धा गेलो होतो.

त्या हिवाळ्यात भाऊ आला. आम्ही मळ्यावर गेलो. मालकाच्या नातवाने विहीर दाखविली. त्याच्या आजोबांनी ती आणखी तीन परस खोल नेली होती. दुष्काळ सरल्यावरही कित्येक उन्हाळे ते स्वतः खाली उतरून गाळ काढीत. "पोहायला कधीपण या, काका," तो पोरगा म्हणाला, "विहीर कुठं पळून जाते!" भावाने वाकून पाण्याकडे पाहिले. जमीन विकण्याविषयी कुणीच बोलले नाही. परतताना आम्ही पुष्करणीपाशी थांबलो. यज्ञवराहाच्या अंगावरची कोरीव झूल न्याहाळीत भाऊ म्हणाला, "याने सबंध पृथ्वी पाण्यातून वर काढली, पण नावावर करून घेतल्याचे ऐकिवात नाही."

गावठाणात आमच्या जुन्या घराचा पूर्वेकडचा भाग चुलतभावाच्या वाट्याला गेलेला होता. तो आमच्या भावाने रीतसर विकत घेतला. बँकेतून पैसे आले, दस्त झाला, ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव लागले. दोन खोल्या, माजघर आणि पुढे ओटा. परदेशातले सुट्टीचे घर म्हणतात ते हेच.

ते घरही अकरा महिने बंदच राहणार, ही गोष्ट मला खटकत होती. पण सुगी झाली आणि मळ्यावरच्या पोराने विचारले, धान्य ठेवायला कोरडी जागा आहे का. मी भावाला फोन केला. आता त्या माजघरात विहिरीच्या मळ्यातल्या बाजरीची पोती रचून ठेवलेली असतात. भाड्याचा प्रश्न निघाला नाही. दर वर्षी सुगीच्या दिवसांत, तिकडे अपरात्र असली तरी, भावाचा फोन येतो, आणि माझी प्रकृती विचारण्याच्या आधी तो विचारतो, "दादा, यंदा पोती किती झाली?"